हरवलेली पुस्तकं सापडली, तो दिवस

"अहो, आमची हरवलेली सगळी पुस्तकं सापडली म्हणे! तुमच्या पानावर एकूण एक 'उपलब्ध' दाखवतंय." ग्रंथपाल मॅडमच्या आवाजात आनंद नव्हता, हे सांगायला नको.

दोन ग्रंथालयांच्या याद्या जोडायचं काम माझ्याकडे होतं. डेटा दोन्हीकडे आरडीएफमध्येच होता, म्हणजे प्रत्येक माहिती 'कर्ता, गुणधर्म, मूल्य' अशा तीन तुकड्यांत. त्यावर दोन्हीकडचे अर्थ जुळवणारी ऑन्टॉलॉजी, म्हणजे संकल्पना आणि त्यांच्यातली नाती सांगणारी व्याख्या, मी आउलमध्ये लिहिली होती. (ही भाषा वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २००४ मध्ये प्रमाणित केली.) दोन्हीकडे 'पुस्तक' नावाचा क्लास, म्हणजे वर्ग, होता. नाव एक, वर्णनही जवळपास एक. मी 'इक्विव्हॅलंट क्लास' (म्हणजे दोन्ही वर्ग एकच) लिहून मोकळा झालो. पुढे शीर्षक आणि लेखक जुळले की दोन नोंदींत 'सेम अ‍ॅज' (म्हणजे दोन्ही एकच वस्तू) टाकणारी स्क्रिप्ट चालवली. लिहिलेल्या नियमांवरून निष्कर्ष काढणाऱ्या रीझनरने हूं की चूं केलं नाही, आणि मी ते शुभचिन्ह मानलं.

फोननंतर प्रोटेजे हे ऑन्टॉलॉजी लिहायचं-तपासायचं सॉफ्टवेअर उघडलं. बघतो तर 'उपलब्ध' आणि 'गहाळ' या दोन स्थिती एकच आहेत, असा निष्कर्ष रीझनरने काढून ठेवलेला. कारण विचारल्यावर त्याने जे दाखवलं, ते साध्या मराठीत असं होतं: पहिली प्रत हीच ती कादंबरी. दुसरी प्रतही तीच कादंबरी. पहिलीची स्थिती उपलब्ध. दुसरीची स्थिती गहाळ. स्थिती एकच असू शकते. म्हणून उपलब्ध म्हणजेच गहाळ.

मी ते तीनदा वाचलं. तर्कात खोट काढायला जागा नव्हती.

'स्थिती एकच असू शकते' हा नियम माझाच. डेटाबेसवर वाढलेल्या माणसाला वाटतं, दोन स्थिती आल्या की यंत्र अडेल. आउल अडत नाही. नावं दोन आहेत म्हणून वस्तूही दोन, असं ते धरून चालत नाही. वेगळेपण आपण लिहून द्यावं लागतं. ते मी दिलं नव्हतं. मग यंत्राने भांडण करण्याऐवजी दोन्ही स्थितींचं लग्न लावून दिलं. एका कादंबरीपायी अख्ख्या यादीतल्या 'गहाळ' नोंदी 'उपलब्ध' झाल्या.

पण मूळ दुखणं 'पुस्तक' या शब्दात होतं. मॅडमना विचारलं, "तुमच्याकडे पुस्तक म्हणजे नेमकं काय?"

"ज्याला दाखल क्रमांक आहे ते. प्रत्येक प्रतीला वेगळा."

दुसऱ्या ग्रंथालयातल्या सरांना तोच प्रश्न केला. ते म्हणाले, "प्रती दहा असल्या तरी पुस्तक एकच ना!"

दोघंही बरोबर. माझी 'इक्विव्हॅलंट'ची ओळ तेवढी चूक. आणि हा घोळ नवा थोडाच आहे? इफ्ला या ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १९९८ च्या अहवालात कृती, तिचा आविष्कार, प्रकाशित रूप आणि हातात येणारी प्रत असे चार थर केलेलेच आहेत. तो अहवाल माझ्या संगणकावर होता. न वाचलेला.

दुपारभर दुरुस्ती केली. मॅडमचं पुस्तक झालं 'प्रत', सरांचं झालं 'कृती', आणि मध्ये 'ची प्रत' हा गुणधर्म. दोन्ही क्लास परस्परांपासून वेगळे, स्थितीही परस्परांपासून वेगळ्या, असं स्पष्ट लिहिलं. मग मुद्दाम जुने 'सेम अ‍ॅज' ठेवून रीझनर चालवला. या वेळी त्याने लगेच विसंगतीची बोंब मारली. इतका बरं वाटणारा एरर मी क्वचितच पाहिलाय. त्यानंतरच ते दुवे उडवले. विषयशीर्षकांनाही मी 'सेम अ‍ॅज'च लावणार होतो. तिथे स्कॉस या विषयसूची मांडायच्या मानकातलं 'क्लोज मॅच' (जवळपास सारखं) घेतलं. ते साखळीने पुढे पसरत नाही, जवळीक दाखवून थांबतं.

संध्याकाळी मॅडमना नवं पान दाखवलं. तीन प्रती, तीन क्रमांक, गहाळ ती गहाळच. त्यांनी मान डोलावली आणि एका जुन्या बांधणीचा दाखल क्रमांक टाकायला सांगितला.

"यात चार पुस्तिका एकत्र बांधल्यात. क्रमांक एकच. ही कशाची प्रत म्हणायची?"

'ची प्रत' या गुणधर्मालाही मी 'एकच' असा नियम लावून ठेवला होता. म्हणजे आता चार पुस्तिकांचं लग्न. लॅपटॉप पुन्हा उघडला.