जानेवारीतला घड

पहाटे पावणेचारला फोनवर इशारा आला. काचघराचं तापमान 12 अंशांवर घसरलं होतं. बाहेर उणे 6. रात्री 16 च्या खाली आम्ही कधी जाऊ देत नाही.

इंग्लंडमधल्या डर्बीशायरात एका खासगी बागेचं काचघर मी सांभाळते. केळी, पपई आणि आंब्याची चार कलमं. माझं लहानपण रावेर तालुक्यात केळीच्या बागेत गेलं, त्यामुळे जीव केळीत जास्त गुंतलेला.

पोचले तर बॉयलर थंडगार. दुरुस्तीवाला नऊच्या आधी येणार नव्हता. हाताशी विजेचे तीन छोटे हीटर. तेवढ्यात सगळं घर तापणार नाही, एकच कोपरा वाचेल, हे दारातच कळलं.

केळ नोव्हेंबरात निसवली होती, म्हणजे तिचा घड बाहेर पडला होता. रावेरला अकरा-बारा महिन्यांत घड कापायला येतो. इथे या झाडाला नुसतं निसवायलाच वीस महिने लागले. लोकांना वाटतं थंडीच आडवी येते. पण ऊब विकत घेता येते. डिसेंबरात दिवस जेमतेम साडेसात तासांचा, त्यातही आभाळ भरलेलं. तेव्हा महिन्याला एखादं पान सुटलं तरी पुष्कळ. उन्हाळा इतका आखूड, की त्यात झाडाने जे कमावलं त्यावरच पुढे घड पोसायचा. तो घड मला गमवायचा नव्हता.

आमच्यापासून जवळच चॅट्सवर्थ हा एका ड्यूकचा, म्हणजे उमरावाचा, वाडा आहे. तिथे जोसेफ पॅक्सटन या माळ्याने मॉरिशसकडून आलेलं केळीचं झाड काचघरात वाढवलं आणि नोव्हेंबर 1835 मध्ये ते फुललं. तिथल्या ड्यूकच्या घराण्याचं आडनाव कॅव्हेंडिश, तेच त्या केळीला मिळालं. माझे आजोबा, अप्पा, आयुष्यभर जी बसराई केळी लावत आले ती याच बुटक्या कॅव्हेंडिश जातीची. हे मला इथे आल्यावर कळलं, आणि त्या दिवशी मी अप्पांना फोनवर सांगितलंही होतं.

आताही त्यांनाच फोन लावला. तिकडे पावणेदहा वाजले होते, ते बागेतच होते.

"आमच्याकडेबी रात्री 8 वर गेलं," ते म्हणाले. "रात्रभर विहिरीचं पाणी सोडलं. बांधावर ओला कचरा पेटवला. तू पण धूर कर."

"अप्पा, काचेत कोंडलेला धूर. त्यातल्या इथिलीनने घड अवेळी पिकेल."

"मग पाण्यानं ऊब दे, पोरी."

चहाच्या खोलीतल्या नळाला गरम पाणी होतं. कॅन भरभरून आणले, खुंटाभोवती दाटीने मांडले. वरच्या सळ्यांवरून प्लॅस्टिक सोडून केळीभोवती तंबू केला, घडाला जुनी ब्लँकेटं गुंडाळली आणि तिन्ही हीटर आत ठेवले. दर तासाला कॅन बदलत राहिले. सहा वाजता आमचे मुख्य माळी घरून रॉकेलचा हीटर घेऊन आले. तोही धूर सोडणारा, मी नको म्हटलं. त्यांना ते पटलं नाही. पपयांना त्याने तारलं असतं का, हा प्रश्न माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

दहाला बॉयलर सुरू झाला. तंबूत 13 होतं, पपयांकडे 6. तीन आठवड्यांत पपयांचे बुंधे बुडाशी सडले, सहाच्या सहा उपटाव्या लागल्या. आंब्याची कलमं तगली.

घड जूनमध्ये कापला. पिकल्यावरही सालीला सोनेरी रंग चढला नाही, धुरकट पिवळी राहिली. सोलल्यावर आतल्या बाजूला तपकिरी रेषा. गर मात्र गोड होता, अगदी घरच्यासारखा. मी अप्पांना फोटो पाठवला.

"थंडी लागलीय त्याला," ते म्हणाले. "फण्या किती?"

"सात."

"बऱ्या आहेत. बुडाला फुटलेल्यांतला मुनवा कुठला ठेवलास?"

"दक्षिणेकडचा. कमरेएवढा झालाय."