आमची वाटचाल : आधी वायर, मग कॅमेरा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या दुकानाची पाटी आजवर तीनदा रंगवली. २००४ मध्ये तिच्यावर ‘कॉम्प्युटर विक्री व दुरुस्ती’ होतं. पुढे ‘नेटवर्किंग’ आलं. २०११ मध्ये ‘व्हिडिओ कॉन्फरन्सिंग’ एवढा लांबलचक शब्द बसवताना पेंटरला जागा पुरेना, म्हणून शेवटचा ‘ग’ त्याने कडेला दाबून लिहिला. तो अजून तसाच आहे.

या कामात आम्ही ठरवून आलो नाही. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या जर्मन गिऱ्हाइकाने अट घातली होती, की दर मंगळवारी दुपारी साडेतीनला व्हिडिओवर बसायचं आणि कास्टिंग कॅमेऱ्यासमोर धरून दोष दाखवायचे. मालकांनी बाहेरून मशीन मागवलं. कोडेक (आवाज-चित्र नेटवर्कवरून पाठवणारी आणि घेणारी पेटी), मान वळवणारा कॅमेरा आणि टेबलावर ठेवायचा माइक. बसवणारा येऊन लावून गेला आणि पहिल्याच मंगळवारी समोरच्यांच्या चेहऱ्याचे चौकोन पडायला लागले. आमच्याकडे तिथली एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार होता, तोही प्रिंटर आणि यूपीएसचा. “तुम्ही वायरवाले ना? बघा जरा,” एवढ्यावर आम्ही आत शिरलो.

सगळ्यांचा संशय लाइनवर. २ एमबीपीएसची (म्हणजे २००० केबीपीएसची) भाड्याची स्वतंत्र लीज लाइन आणि कॉल जेमतेम ७६८ केबीपीएसचा, म्हणजे लाइन पुरत होती. पिंग, म्हणजे लाइनला हाक मारून उत्तर येतं का बघायची चाचणी, तीही स्वच्छ. केबल बदलून पाहिली, तेच. तिसऱ्या मंगळवारी स्विचच्या, म्हणजे सगळ्या केबल जिथे जोडतात त्या पेटीच्या, कोडेकवाल्या पोर्टचे आकडे उघडून बसलो, तर कोलिजन, म्हणजे माहितीच्या टकरी, धडाधड वाढताना दिसल्या. कोडेक बसवणाऱ्याने ‘१०० फुल डुप्लेक्स’वर पक्का करून ठेवला होता आणि स्विच होता ऑटोवर. समोरचा बोलणीच करत नसेल, तर ऑटोवाल्याला वेग कळतो, डुप्लेक्स कळत नाही. मग तो नियमाप्रमाणे हाफ धरतो. म्हणजे एक जण बोलता बोलता ऐकतोय आणि दुसरा आपली पाळी यायची वाट बघतोय. ईमेलला हे खपून जातं. दोन्ही बाजूंनी चित्र वाहायला लागलं की फुटतं. दोन्हीकडे ऑटो केलं, दहा मिनिटांचं काम. बिल किती लावायचं तेच समजेना, शेवटी ५०० रुपये लिहिले. त्या मालकांनी पुढे तीन कारखाने आमच्याकडे पाठवले, तेव्हा ते ५०० रुपये सार्थकी लागले.

नंतरची दोन वर्षं मात्र आम्ही शिकत होतो गिऱ्हाइकाच्या खर्चाने, हे कबूल करायला हवं. त्या मशीनची भाषा एच.३२३. माहिती पाठवायच्या पद्धती दोन, टीसीपी आणि यूडीपी, आणि त्यांची नंबर घातलेली दारं म्हणजे पोर्ट. घंटी वाजवायला टीसीपीचा १७२० पोर्ट, आणि आवाज-चित्र मात्र यूडीपीवरून, कॉलगणिक वेगळ्या पोर्टने. कोडेक फायरवॉलच्या, म्हणजे बाहेरच्यांना अडवणाऱ्या पहारेकऱ्याच्या, आत असला की कॉल लागायचा, आमचं त्यांना दिसायचं, त्यांचं आम्हाला काहीच नाही. कारण कोडेक निरोपाच्या आत स्वतःचा पत्ता लिहितो, फक्त आतल्या नेटवर्कात चालणारा, १९२.१६८ वाला. पाकिटावर गावाचा पत्ता बरोबर आहे, पण आतल्या पत्रात ‘उत्तर मागच्या खोलीत द्या’ असं लिहिलंय. पोस्टमनने काय करावं? राउटरमध्ये अशा वेळी मदतीला येणारी एएलजी नावाची सोय असते. ती आतला पत्ता दुरुस्त करायला जाते आणि बऱ्याचदा अर्धाच दुरुस्त करते. तिच्या नादी लागून आमचा एक गणेशोत्सव गेला.

मग आम्ही शहाणपणा केला. कोडेकला थेट पब्लिक आयपी, म्हणजे सगळ्या इंटरनेटला दिसणारा पत्ता, देऊन फायरवॉलच्या बाहेर बसवला. लगेच चाललं. आठवड्याभराने रात्री अडीचला तिथल्या वॉचमनचा फोन. “सायेब, मिटिंगच्या खोलीतला टीव्ही आपोआप लागलाय. आन् त्यो कॅमेरा मान वळवून माझ्याकडं बघालाय.” बिचारा बाहेर अंगणात उभा राहून बोलत होता. झालं होतं असं, की इंटरनेटवर उघडे कोडेक हुडकत फिरणारे प्रोग्राम रात्रंदिवस घंट्या मारत असतात आणि आमच्या मशीनवर ‘ऑटो आन्सर’, म्हणजे कॉल आपोआप उचलायची सोय, चालू होतं. साहेबांना बटण दाबायला नको, म्हणून ते मीच चालू केलेलं. सकाळी सहाला जाऊन बंद केलं, मशीन पुन्हा आत घेतलं, पत्ते नीट बांधले, ठरावीक पोर्टच उघडे ठेवले. वॉचमन अजूनही निघताना कॅमेऱ्यावर टोपी घालतो. आता आम्हीच प्रत्येक साइटवर झाकण देतो.

ऑक्टोबर संपताना दरवर्षी एक फोन ठरलेला : “मशीन लागत नाही.” लागत नसतं, कारण जर्मनीत त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि इथली मंडळी साडेतीनलाच बसलेली असतात. साडेचारला या, एवढं सांगायचं. याचं बिल करत नाही.

वळवाने मात्र खरा फटका दिला. ऑफिसपासून शेडपर्यंत आम्ही तांब्याची केबल उघड्यावरून नेली होती. मीटरमध्ये बसत होती, १०० मीटरच्या आत. पण दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं. मे महिन्यात वीज जवळपास पडली आणि स्विचचे पोर्ट, कोडेकचं लॅन कार्ड, सगळं एका रात्रीत गेलं. भरपाई आम्ही निम्मी केली. तेव्हापासून दोन इमारतींमध्ये फायबरच. गिऱ्हाईक “स्वस्तात बसवा की” म्हणालं तर काम सोडतो.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला. शहरातले साहेब कारखान्यात पोचू शकेनात, कारखान्यातले घरी येईनात. एरवी फक्त जर्मनीसाठी लागणारी फाउंड्रीची ती मीटिंगची खोली तेव्हा पहिल्यांदा कोल्हापूर ते शिरोली या दहाएक किलोमीटरसाठी वापरली गेली.

आणि मार्च २०२० मध्ये आमचा धंदा एका फटक्यात जुना झाला. झूम आणि टीम्स लोकांच्या लॅपटॉपवर आले. लाखांचे कोडेक कपाटाच्या वर गेले, आमच्या ऑर्डरी रद्द झाल्या. दोन महिने पगार दिले ते घरातलं काढून. लोक परत ऑफिसात आले तेव्हा काम पुन्हा सुरू झालं, पण कसलं? एका खोलीत चौघे आपापला लॅपटॉप उघडून एकाच मीटिंगला बसलेले, आणि एकाच्या स्पीकरचा आवाज दुसऱ्याच्या माइकात शिरून शिट्टी अशी, की कुकर बरा.

तिथून आम्ही आवाजाकडे वळलो. चित्र अडखळलं तर माणूस सहन करतो. आवाज तुटला की मीटिंग मोडते. आणखी एक गोष्ट लोकांना पटवताना नाकी नऊ येतात : तुम्हाला स्वतःचाच आवाज परत ऐकू येत असेल, तर दोष बहुतेक तुमच्या खोलीत नाही, समोरच्या खोलीत आहे. आपल्या खोलीच्या दोषाचा त्रास त्यांना होतो, म्हणून ती दुरुस्त करायची कुणाला घाई नसते. आम्ही आता खोलीत शिरल्यावर आधी मधोमध उभं राहून जोरात टाळी वाजवतो. टाळी घुमली, तर आधी पडदे आणि गालिचा, कोटेशन नंतर.

मशीन आता सोपी झाली आहेत, टीव्हीखाली एक पट्टी बसवली की झालं. दुखणी मात्र जुन्याच जागी आहेत. एका साइटवर टीम्स चालायचं, पण बोलणं गाळत गाळत यायचं. फायरवॉलने यूडीपी अडवलेलं, म्हणून सगळं टीसीपीच्या ४४३ वरून जात होतं. टीसीपी हरवलेलं पाकीट पुन्हा मागवतं. ईमेलला उत्तम, बोलण्याला निरुपयोगी, कारण उशिरा आलेला शब्द कुणाला हवाय? यूडीपीचे ३४७८ ते ३४८१ पोर्ट उघडले, मीटिंगच्या खोलीला वेगळं व्हीलॅन, म्हणजे त्याच नेटवर्कात वेगळी वाट, दिलं, सीसीटीव्हीचं ओझं त्यावरून काढलं. नवीन एक वस्तू विकली नाही. सर्व्हिसचं बिल दिलं तर अकाउंटवाले विचारतात, “माल कुठाय?”

पैशाचं आणखी एक. बिल केलं की जीएसटी आम्ही पुढच्या महिन्यात भरतो, गिऱ्हाईक देतं नव्वद दिवसांनी. मोठ्या गिऱ्हाइकांची ऐट वेगळी, ती एकशेवीस. म्हणून दोन वर्षांपासून मोजणीचे पैसे आधी घेतो. लाइन, स्विच, केबल, खोली तपासून कागद देतो. मशीन कुठूनही घ्या. यामुळे काही जण गेले. जे राहिले ते फोन कमी करतात.

आम्ही आता नऊ जण आहोत. त्या पहिल्या फाउंड्रीने नवी मीटिंग रूम बांधायला काढली आहे. तिन्ही बाजूंनी काच, खाली ग्रॅनाइट, आणि आर्किटेक्टला पडदे नकोत. मालक म्हणाले, सोमवारी या आणि त्यांच्यासमोर एक टाळी वाजवा.