तुम्ही विचारलंत म्हणून: पाठीचा गळा

एप्रिल लागला की आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनच्या घरात, बेसमेंटमध्ये लांबलचक प्लॅस्टिकच्या पिशव्या लटकायला लागतात. प्रत्येक पिशवीत एक प्रॉमचा ड्रेस आणि प्रत्येक ड्रेसमागे एक आई. मुलगी पाटावर उभी असते (हो, पाटच, सांगलीहून सामानात आणलेला, पितळी फुल्यांचा. ड्रेसची खालची उंची मापायला त्याच्याइतकं सोयीचं इथल्या दुकानात काही मिळालं नाही). मी खाली बसून, तोंडात टाचण्या धरून, कापड दुमडत असते. तेवढ्यात आई हळूच मराठीत विचारते, "तुम्ही तुमच्या मुलीला असला घालू दिलात का हो?" मुलीला कळणार नाही अशी तिची समजूत असते. मुलीला सगळं कळतं. ती आरशात बघून डोळे फिरवते.

तोंडात टाचण्या असल्यामुळे मी नुसतं "हं" करते, आणि त्या "हं"चा अर्थ जी ती आपल्या सोयीने लावते. आत्ता तोंडात टाचण्या नाहीत, म्हणून नीट सांगते.

सांगली-पुण्याकडच्यांसाठी आधी एवढंच, की प्रॉम म्हणजे अमेरिकेतल्या हायस्कूलमधला शेवटाशेवटाचा नटूनथटून करायचा नाच. अकरावीचा ज्युनियर, बारावीचा सीनियर. आमच्याकडे साधारण मे-जूनमध्ये, एखाद्या हॉलमध्ये जेवणासकट. नाव "प्रॉमेनाड"वरून आलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ईशान्येकडच्या कॉलेजांत हे सुरू झालं आणि मग हायस्कुलांनी उचललं. १९७५ साली राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या मुलीच्या वर्गाचा प्रॉम चक्क व्हाइट हाउसमध्ये झाला होता. ही सगळी माहिती माझ्या नवऱ्याने ड्रेसच्या दुकानातल्या खुर्चीवर बसून, फोनवर वाचून आम्हाला पुरवली होती. त्या वेळी आमची थोरली पडद्यामागे अकरावा ड्रेस चढवत होती आणि आम्ही मायलेकी एकमेकींशी बोलत नव्हतो.

तो फेब्रुवारी होता. प्रॉम जूनमध्ये, पण ड्रेस मागवायचा झाला तर यायला कित्येक आठवडे लागतात, म्हणून खरेदी हिवाळ्यातच. बाहेर बर्फाचे ढीग आणि आत उघड्या खांद्यांच्या मुली. दुकानातल्या बाईंनी नावाच्या आधी शाळा विचारली. एकाच शाळेतल्या दोघींना एकच ड्रेस जाऊ नये म्हणून अशी दुकानं नोंद ठेवतात. मला गंमत वाटली. आमच्याकडे लग्नात एकाच गठ्ठ्यातल्या आहेराच्या साड्या सहा जावांच्या अंगावर असायच्या आणि त्याचंच कौतुक व्हायचं.

पैशांचं आम्ही गाडीत बसतानाच ठरवलं होतं, आणि त्या दिवशी एवढं एकच काम शहाणपणाचं झालं. तिथे दोनशे डॉलरपासून सुरुवात, सात-आठशे सहज. आम्ही चारशे म्हटलं. न्यू जर्सीत कपड्यांवर सेल्स टॅक्स नाही, त्यामुळे चिठ्ठीवर जो आकडा तोच बिलात. नवऱ्याने मनातल्या मनात त्याचे रुपये केले, ते त्याच्या तोंडावर दिसलं, पण बिचारा बोलला नाही.

मापाचंही सांगून टाकते. या ड्रेसांचे नंबर नेहमीच्या कपड्यांपेक्षा लहान निघतात, एक-दोन नंबर मोठा लागतोच. हे मुलीला घरी सांगून मगच दुकानात न्या. आमची सहा नंबरवाली दहाच्या ड्रेसात (इथले नंबर दोन-दोनने वाढतात) बसली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते थांबवायला माझ्याकडे वेळेवर वाक्य नव्हतं. शंका आली तर मोठाच घ्या. आपल्याकडे मास्तर ब्लाउज शिवताना आत बोटभर माया, म्हणजे शिवणीतलं जास्तीचं कापड, सोडतात, ती दोन बाळंतपणं पुरते. इथल्या तयार ड्रेसांत माया जवळजवळ नसतेच. आत घेता येतो, सोडता येत नाही.

तर अकरावा ड्रेस. बाटलीच्या हिरव्या रंगाचं सॅटिन, समोरून गळा बंद. इतका बंद, की माझ्या सासूबाईंनीही "छान आहे हो" म्हटलं असतं. मग थोरली वळली. पाठ कमरेपर्यंत उघडी. मध्ये फुलीसारख्या दोन बारीक पट्ट्या, बास.

मी नाही म्हटलं. का, असं तिने विचारल्यावर मी म्हणाले, "थंडी वाजेल." जूनमध्ये.

मग मी ओक ट्री रोड काढला. दहा मिनिटांवर आहे, साड्या-घागऱ्यांची ओळीने दुकानं आहेत, सुंदर लेहंगा मिळेल, तुझ्या वर्गातली एक जण घालणारच आहे. ती म्हणाली, "तिला घालू दे ना. मलाही आवडतो. पण त्या दिवशी मला कुणाला काही समजावून सांगायचं नाहीये, आई." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर नसलं की मी करते तेच केलं, शाळेकडे धावले. बऱ्याच शाळा आधी पत्रक पाठवतात: चीर कुठवर, पोट दिसतं का, पाठ किती. फोनवर ते उघडून मी मोठ्या आशेने वाचलं. शाळेनेच नाही म्हणावं, म्हणजे मला वाईट व्हायला नको. पत्रकात स्वच्छ लिहिलं होतं, पाठ कमरेपर्यंत चालेल.

"नाहीतर चिकटपट्टीचा करून घालते," थोरली म्हणाली. ही काही नुसती धमकी नव्हती. इथे २००१ पासून "स्टक ॲट प्रॉम" नावाची एक स्पर्धा चालते. मुलं रंगीत डक्ट टेपचे अख्खे ड्रेस आणि सूट बनवतात आणि विजेत्यांना कॉलेजसाठी शिष्यवृत्ती मिळते. मी त्यांचे फोटो पाहिलेत. टेपच्या चुण्या काय सुरेख बसवतात पोरं! मला हसू आलं, तिलाही आलं, आणि त्या हसण्याच्या भरात ड्रेस घेतला गेला.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर "हो" असं झालं. इथपर्यंतचं मी सगळ्यांना सांगते.

मला भीती ड्रेस सरकण्याची नव्हती. ते तंत्र मला ठाऊक आहे. तुम्ही सगळ्या स्ट्रॅपलेसला घाबरता म्हणून सांगते: चांगला शिवलेला स्ट्रॅपलेस ड्रेस छातीच्या आधाराने राहत नाही, तो कमरेवर उभा असतो. आत प्लॅस्टिकच्या काड्या असतात आणि कमरेला आतून एक न ताणणारी पट्टी, हुकाने घट्ट लावायची. कमरेत बरोबर बसला तर वरून ओढत बसावं लागत नाही. माझ्याकडे आलेल्या प्रत्येक मुलीला मी खुर्चीवर पाच मिनिटं बसवते, दोन्ही हात वर करायला लावते आणि मग म्हणते, आता तुला येतो तेवढा वाईट नाच कर. आया हसतात. पण त्या नाचात ड्रेसची सगळी लबाडी बाहेर येते. आणि हो, बूट घेऊनच या. टाचांच्या बुटांवर उंची मापायची आणि तासाभरात बूट टेबलाखाली फेकून अनवाणी नाचायचं, असं सगळ्यांचंच होतं. तसं करणार असाल तर आधी कबूल करा, मी अर्धा इंच वर घेते.

मला भीती होती ती फोटोंची. प्रॉमला निघण्यापूर्वी सगळी मुलं कुणाच्या तरी अंगणात जमतात, आईबाप फोटो काढतात, आणि ते फोटो तासाभरात सांगलीच्या ग्रुपवर. पाठ बघून कोण काय म्हणेल, हे मला बोटांवर मोजून सांगता आलं असतं. मुलग्यांचं बरं असतं. भाड्याचा टक्सेडो आणि जोडीदारणीच्या ड्रेसला जुळणारा टाय, अर्ध्या तासात मोकळे. त्यांची पाठ कोण बघतंय!

इथे जरा मागे जाते. १९९३ साली आमच्या कॉलेजात साडी डे होता. आईची मोरपिशी साडी, त्यावर नवं ब्लाउज. पाठीचा गळा मी मास्तरांना नऊ इंच सांगितला होता. आई शेजारीच उभी होती, काही बोलली नाही. ब्लाउज आलं, गळा सात. मी मास्तरांना जाब विचारला, तर ते मशीनवरची मान वर न करता म्हणाले, "कापड कमी पडलं, बाळ." मला ते खरं वाटलं. दोन वर्षांनी शिवणक्लास लावला तेव्हा कळलं की गळा खोल करायला कापड जास्त लागत नाही, कात्री जास्त चालवावी लागते.

तर मे महिना. थोरलीचा ड्रेस इतर ड्रेसांबरोबर बेसमेंटमध्ये टांगलेला. खालची उंची झाली, कमर पाव इंच आत घेतली. आणि एका रात्री, सगळे झोपल्यावर, मी पाठीत जाळी लावली. अंगाच्या रंगाची बारीक जाळी, दोन्ही काठांना हाताने टाके घालून. इथे दुकानात "न्यूड" म्हणून जी जाळी मिळते ती कुणाच्या तरी गुलाबीसर गोऱ्या अंगाची असते, आपल्या पाठीवर ती बँडेजसारखी दिसते. म्हणून मी चहा उकळला. नायलॉनची जाळी चहाचा रंग धरते, पॉलिएस्टर धरत नाही, त्यामुळे आधी तुकडा भिजवून बघितला. तीनदा बुडवली, तीनदा माझ्याच हातावर ठेवून पाहिली. रंग असा जुळला की काय सांगू. इतकं नीट काम मी कुणाच्या पैशांसाठीही केलेलं नाही.

प्रॉमच्या तीन दिवस आधी तिने शेवटचा घालून बघितला. आधी समोरून पाहिलं, मग नेहमीसारखा हात मागे नेला. बोटं जाळीवर थांबली. ती काही ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं, ओरडण्याला माझ्याकडे उत्तरं तयार होती.

"हे तू कस्टमरला केलं असतंस का?" तिने विचारलं.

मी नाही म्हणाले. खरं सांगायचं तर आदल्याच वर्षी, एका आईच्या फोनवरून, एका मुलीच्या ड्रेसची चीर मी चार इंच बंद केली होती. "तिला सांगू नका हं, वाटलं तर म्हणा शिवण उसवत होती." मी तसंच म्हणाले होते. ती मुलगी बिचारी मला थँक्यू म्हणून गेली.

असे फोन अजून येतात, तुमच्यापैकी काहींचेही आलेत. आता मी म्हणते, मुलीला घेऊन या, पाटावर उभी करू आणि तिच्यासमोर सांगा. निम्म्या जणी येतच नाहीत. ज्या येतात त्यांची दहा मिनिटं भांडणं होतात, मी मध्ये पडत नाही, चहा टाकते. बऱ्याचदा काहीतरी निघतं. एकीने स्वतःच सांगितलं, चीर दोन इंच खाली घ्या, बसल्यावर मलाच अवघडल्यासारखं होतंय. ती आईसमोर हे कधीच कबूल करणार नव्हती, पण पाटावर उभं राहून मला सांगणं तिला सोपं गेलं. धाकटीच्या वेळचं विचाराल तर तिने पॅन्टसूट घेतला, वीस मिनिटांत. पाठीच्या गळ्यांबद्दल मी जमवलेलं सगळं शहाणपण तिच्यापुरतं वाया गेलं.

थोरलीची जाळी मीच उसवली. दीड तास लागला. टाके बारीक होते, टाके उसवायचा रिपर सॅटिनला लागू नये म्हणून एकेक टाका भिंगाखाली धरून कापला. ती पायरीवर बसून फोन बघत होती, वर गेली नाही. जाळी निघाली, पण सॅटिनचं एक असतं, सुई गेली की भोक मिटत नाही. वाफ दिली, नखाने घासलं, तरी दोन्ही काठांना टाक्यांची बारीक ओळ राहिली, मुंग्या गेल्यासारखी. मी हिरवे मणी काढले. म्हटलं, ओळीवरून लावून देते, डिझाइनसारखं दिसेल.

तिने ड्रेस हातात घेतला आणि काठावरून बोट फिरवलं.

"नको. लांबून दिसत नाहीत."

"मला दिसतात," मी म्हणाले.

"तूच पाडलीस ना ती," ती म्हणाली, आणि बूट शोधायला वर गेली.