फ्रिजची घरघर आणि उंदराचा कान

इथं आल्यावर पहिला आठवडा झोपच लागेना. उशापलीकडच्या भिंतीला फ्रिज, आणि त्याची रात्रभर घरघर. घरून फोन आला की हमखास प्रश्न, "तिथं नक्की करतेस काय?" उंदरांना सूर ऐकवते, हे खरं उत्तर. पण ते दिलं की सगळे हसतात.

ध्वनिरोधक खोली, मिट्ट अंधार. उंदराच्या ऑडिटरी कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या ऐकण्याच्या भागात, केसासारखा बारीक इलेक्ट्रोड. पेशीने संदेश सोडला की स्पीकरमधून 'टक्' ऐकू येतं. त्या दिवशी एकच सूर पुन्हा पुन्हा वाजत होता. आधी टकटकटक, मग टकटक, मग जेमतेम एखादं टक्. इलेक्ट्रोड सरकला म्हणून मी स्क्रूला हात घालणार, तेवढ्यात शेजारी बसलेली सीनियर म्हणाली, "थांब." पुढचा सूर वेगळा होता. स्पीकर तडतडला! पेशी ठणठणीत होती, जुन्या सुराला तेवढी विटली होती.

या विटण्यामागे आवरणाऱ्या पेशींचाही हात असतो. कॉर्टेक्समधल्या साधारण पाचातल्या चार पेशी इतरांना चेतवतात, पाचवी गाबा नावाचं रसायन सोडून त्यांना आवरते. गाबामुळे समोरच्या पेशीत क्लोराइड शिरतं आणि तिला संदेश सोडणं जड जातं. उंदरांवरच्या 2003 च्या एका प्रयोगात दिसलं, की चेतवणीपाठोपाठ काही मिलिसेकंदांतच हा लगाम बसतो. पेशीला एखाददुसरं टक् करण्यापुरतीच फट मिळते, म्हणून आवाजाची वेळ इतकी नेमकी टिपली जाते.

आवरणाऱ्यांतही जाती आहेत. पीव्ही पेशी समोरच्या पेशीचं धडच धरतात, एसएसटी तिच्या लांबच्या फांद्या. व्हीआयपी पेशी (नाव शोभतं!) मुख्यतः एसएसटींनाच दाबतात, ब्रेकला ब्रेक. 2015 मध्ये प्रकाश टाकून यांतल्या दोन जाती आळीपाळीने शांत केल्या गेल्या. पीव्ही शांत केल्या, तर ओळखीच्या आणि नव्या, दोन्ही सुरांना प्रतिसाद वाढला. एसएसटी शांत केल्या, तर फक्त ओळखीच्या सुराला. विटण्याचं सगळं श्रेय त्यांचं नाही, पेशी-पेशींमधले सांधे, म्हणजे सायनॅप्सही थकतात. पण माझा जीव एसएसटींवरच जडलाय.

परवा आईने फोनवर विचारलं, "मागे कसली गं घरघर?"

मी म्हटलं, "कुठे काय?"