डावा कान गेला तो आठवडा

सोमवार

कराड यायच्या आतच इअरफोनचा डावा कान गेला. आधी खरखर, मग वाऱ्यासारखं काहीतरी, मग काहीच नाही. पुढचा रस्ता उजव्या कानात अमेरिकन गायिका एड्रियन लेंकर आणि डाव्या कानात एसटीचा गिअर असा काढला. सांगलीत उतरून एका मोबाइल दुरुस्तीवाल्याला दाखवला. त्याने उलटासुलटा करून बघितला आणि "हे उघडत नाही ओ, चिकटवलेलं असतंय" म्हणत परत माझ्या हातावर ठेवला.

म्हणजे आता घरी असेपर्यंत ऐकायला काय, तर फ्रीजवरचा तो मूठभर ब्लूटूथ स्पीकर. आई सकाळी त्यावर अभंग लावते. मी आल्बम ऐकतो ते एकट्याने, रात्री, डोळे मिटून. माझी मतं (आणि मतं माझ्याकडे पोत्याने आहेत) सगळी तशीच तयार झालेली. ती स्वयंपाकघरात टिकतील का, हा प्रश्न कधी पडला नव्हता.

मंगळवार

पहिला बळी माझ्या लाडक्या आल्बमचा. लेंकरचा 2024 मधला 'ब्राइट फ्यूचर'. जंगलातल्या एका स्टुडिओत चारपाच माणसं एकत्र बसून वाजवतायत, सगळं थेट टेपवर, मध्ये कुठेही कॉम्प्युटर नाही. पहिलंच गाणं 'रियल हाउस'. मुख्यतः पियानो आणि तिचा आवाज, लहानपणाच्या आठवणी. या गाण्यात पियानोच्या लाकडाची कुरकुर ऐकू येते, कुणीतरी खुर्चीत हललेलं कळतं. मी चार लोकांना हे सांगत फिरलोय, की बघा, खोलीसुद्धा गाते.

फ्रीजवर खोली गायली नाही. मिक्सरमध्ये खोबरं फिरत होतं, बाहेर पाऊस, आणि त्यातून एक बाई लांबून काहीतरी तक्रार करतेय एवढंच पोचलं. आई म्हणाली, "हिला बरं नाही का?"

मला राग आला. आईचा नाही, आल्बमचा. एवढं नाजूक असावं का माणसाने, की मिक्सर लावला तर मोडून पडावं?

बुधवार

बाबा घेवडा निवडत बसले होते. बाबा पोस्टातून निवृत्त, पण खरी नोकरी भजनी मंडळातली पेटी. आता बोटं दुखतात म्हणून वाजवणं कमी, पण कान तसाच. त्यांच्यासमोर लॅन्कम लावायला थोडी भीतीच वाटली. डब्लिनचे चौघे. आयरिश लोकगीतं घेतात आणि इतकी संथ, इतकी काळी करतात की मूळ गाणाऱ्याने ओळखू नयेत. 2023 चा 'फॉल्स लॅन्कम' हा माझ्या मते या काही वर्षांतला लोकसंगीताचा सगळ्यात धाडसी आल्बम. बारा तुकडे, त्यातले तीन 'फ्यूग' नावाचे, म्हणजे नुसते घोंगावणारे आवाज.

पहिलं गाणं 'गो डिग माय ग्रेव्ह', जवळजवळ नऊ मिनिटांचं. रेडी पीट सुरुवातीला एकटीच गाते, साथ नाही. घशातून सरळ, गोडपणाला हात न लावता. मग खालून एकेक वाद्य शिरतं आणि हलत नाही. जागच्या जागी जड होत जातं.

बाबांचा हात थांबला. "पेटी आहे यात."

आहे. पीट हार्मोनियम वाजवते, कॉन्सर्टिना हे भात्याचं छोटं वाद्यही वाजवते. त्यात आयरिश पाइप्स. पण बाबा म्हणाले, "सूर उतरलाय. दोन सूर एकमेकाला घासतायत." मग उठून आतून पेटी आणली, धूळ झटकली, भाता मारला आणि पांढरी एक आणि काळी एक एकदम दाबून धरली. अख्खं स्वयंपाकघर थरथरलं. "हे असं. आमच्याकडे असं झालं की पेटी कारागिराकडे न्यायची. हे लोक मुद्दाम करतायत?"

मुद्दाम करतात, म्हटलं. मी याला इतकी वर्षं 'वातावरण' वगैरे म्हणत होतो. बाबांनी दोन पट्ट्यांत सांगून टाकलं. कितीही वेळ धरा, ते दोन सूर मिटत नाहीत, म्हणून पोटात कालवतं.

गाण्याच्या शेवटाकडे ठोके पडायला लागतात तेव्हा आई दारात येऊन उभी राहिली. या गाण्याला आयर्लंडमधल्या मयतावर रडण्याच्या जुन्या पद्धतीचा आधार आहे, हे मी तिला सांगणार होतो. तीच म्हणाली, "आमच्या गावाकडं बायका असंच हेल काढायच्या. बंद कर, तिन्हीसांजेचं नको."

बंद केलं.

गुरुवार

आज कुणाला काही सांगायचं नाही असं ठरवून, पोळ्या चालू असताना सिंडी ली लावून ठेवलं. पॅट्रिक फ्लेगल या कॅनेडियन कलाकाराचं हे नाव. 'डायमंड ज्युबिली', मार्च 2024. बत्तीस गाणी, दोन तास. आला तेव्हा कुठल्याच स्ट्रीमिंग ॲपवर नव्हता; यूट्यूबवर एकच सलग व्हिडिओ, आणि जुन्या काळच्या जिओसिटीज वेबसाइटसारख्या दिसणाऱ्या पानावरून फाइल उतरवून घ्यायची, वाटलं तर तीस कॅनेडियन डॉलर पाठवायचे. मी तेव्हा रात्री जागून उतरवला आणि, खरं सांगायचं तर, अर्ध्यातच सोडला. आवाज धुरकट, गिटार लांब, गाणारा पडद्यामागे. इअरफोनमध्ये वाटायचं की फाइलच खराब आहे.

फ्रीजवर तो फुलला. दुसरा शब्द नाही. शेजारच्या घरातला रेडिओ भिंतीतून यावा तसा आवाज, आणि तो तसाच असायला हवा होता! शब्द कळायचे नाहीत, चाल तेवढी पोचायची, आणि ती चाल कधीतरी ऐकलेलीच वाटायची. आई पोळी उलटताना मान हलवत होती. बत्तीस गाण्यांपैकी दहा कमी असती तर बिघडलं नसतं, पण पोळ्यांना दोन तास लागत नाहीत, त्यामुळे तो प्रश्न आपोआप सुटला.

त्यानंतर कॅरिबूचा 'हनी' लावला. तोही 2024 चा. कॅरिबू म्हणजे डॅन स्नेथ. त्याने स्वतःचाच आवाज एआयमधून काढून कुठे बाईचा, कुठे रॅपरचा करून वापरलाय. नाचायला उत्तम, ठोका पक्का, भांडी घासायलाही उत्तम. पण गाणारी बाई अस्तित्वातच नाही हे एकदा कळल्यावर मला तिच्याकडे कान देववत नाही. हे मत इअरफोनमध्ये होतं, स्पीकरवरही तेच राहिलं.

शुक्रवार

फोर टेट म्हणजे किरन हेब्डन. मूळचा लंडनचा, पण त्याची आई भारतीय वंशाची. त्याचा 2024 चा 'थ्री' मला फार आवडतो. आठ तुकडे, नीटनेटके. शेवटचा 'थ्री ड्रम्स' ढोलांवर सुरू होतो आणि हळूहळू धुक्यात शिरतो. पण हा आल्बम स्वयंपाकघरात कुणाच्या लक्षातच आला नाही. वाईट नाही वाटलं कुणाला, चांगलंही नाही. पंखा चालू असावा तसा तो चालू होता.

मग मला त्याचा जुना, 2015 चा 'मॉर्निंग/इव्हनिंग' आठवला. दोनच तुकडे, वीसवीस मिनिटांचे. पहिल्यात ठोका सुरू होतो आणि काही वेळाने त्यावर एक बाई गायला लागते.

आईने गॅस बारीक केला. "लताबाई."

हो.

"'सौतन'मधलं आहे हे. छोटी बहनाचं. उषा खन्नांचं." मला हे माहीत होतं ते वाचून, 1983 चा सिनेमा, मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. आईला ते गाणं सबंध पाठ निघालं. ती पुढची ओळ म्हणायला गेली आणि हेब्डनने लताबाईंना पुन्हा मागे नेलं. तीच ओळ. आई पुन्हा पुढे गेली, लताबाई पुन्हा मागे. तिसऱ्यांदा ती वैतागली. "अरे, हा तिला पुढं जाऊ का देत नाही? अंतरा आहे की पुढं!"

मी समजावायला गेलो, की त्याला गाणं नकोय, त्या आवाजाचा पोत हवाय, तो गोल फिरवून... "मग तंबोरा लाव म्हणावं," आई म्हणाली. आणि स्पीकरकडे पाठ करून तिने अंतरा स्वतः म्हटला, हेब्डनच्या ठोक्यावर. थोडा वेळ जमलंसुद्धा.

मला अजूनही वाटतं की तो तुकडा सुंदर आहे. पण तो सुंदर वाटायला ते गाणं आधी माहीत नसावं लागतं, हे मला दहा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

शनिवार

दिवसभर पाऊस, रात्री साडेदहाला लाइट गेली. फ्रीज गप्प, पंखे गप्प, समोरच्या घरातली मालिका गप्प. स्पीकरला चार्जिंग होतं. आईबाबा झोपलेले. आवाज अगदी बारीक करून पुन्हा 'ब्राइट फ्यूचर' लावला आणि स्पीकर ओट्यावर, कानापासून हातभर ठेवला.

पियानोचं लाकूड कुरकुरलं. खुर्ची हलली. मंगळवारचे शब्द मागे.

पूर्ण मागे नाही. दिवसा न चालणारा आल्बम तो दिवसा न चालणाराच. पण मारवा या संध्याकाळच्या रागाला कुणी सकाळी का नाही गात म्हणून नावं ठेवत नाही.

रविवार

दुपारी जेवणं झाल्यावर आरूज आफताब. 'नाइट रेन', 2024. लाहोरमध्ये वाढली, न्यूयॉर्कला राहते. 2022 मध्ये 'मोहब्बत'ला ग्रॅमी मिळालं तेव्हापासून तिचं नाव सगळ्यांना ठाऊक. 'ना गुल'चे शब्द माह लका बाई चंदाचे आहेत. निजामाच्या हैदराबादेतली, अठराव्या शतकातली शायरा, म्हणजे आपल्या दख्खनचीच. बाबांना हार्प हे स्वरमंडळ वाटलं, ते मी सोडून दिलं. आवाज त्यांना लगेच आवडला. मग ते वाट बघायला लागले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. शेवटी म्हणाले, "ताना कधी घेणार ही?"

घेत नाही ती.

"मग एवढा आवाज तयार केला कशाला?" यावर माझ्याकडे उत्तर होतं, लांबलचक, पण दुपारी अडीच वाजता नव्हतं.

बाबा आडवे झाले. मी 'प्रॉमिसेस' लावला. फ्लोटिंग पॉइंट्स म्हणजे सॅम शेफर्ड, इलेक्ट्रॉनिकवाला, मेंदूविज्ञानात पीएचडी. फॅरो सँडर्स, एकेकाळी जॉन कोल्ट्रेनच्या बरोबरीने वाजवणारा सॅक्सोफोनवादक. आणि सोबत लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा. 2021 चा आल्बम, नऊ भाग, सेहेचाळीस मिनिटं. सुरुवातीपासून शेफर्ड सात सुरांचा एक छोटा तुकडा वाजवतो आणि तोच वाजवत राहतो. तोच. मी या तुकड्याला कधी श्वास म्हटलंय, कधी लाट. एकदा तर झुंबरही.

पाचेक मिनिटांनी बाबांनी डोळे न उघडता विचारलं, "हा नगमा कुणी धरलाय?"

मी बघतच राहिलो. नगमाच की तो! तबल्याच्या एकलवादनाला पेटीवाला एकच ओळ धरून बसतो, तासभर, न चुकता, न सजवता, आणि तबलजी त्यावर हवं ते करतो. बाबांनी उभा जन्म ते केलं. "सोपं वाटतं," ते म्हणाले, "पण मन कंटाळलं की बोट पुढं पळतं. या पोराचं नाही पळत."

चौथ्या भागात सँडर्स सॅक्सोफोन बाजूला ठेवून तोंडानेच काहीतरी पुटपुटतो. शब्द नाहीत, नुसते ओठ आणि श्वास. बाबा हसले. "बुवा आहेत." तेव्हा ऐंशीच्या जवळ आला होता तो, म्हटलं, 2022 मध्ये गेला. बाबा उठून बसले. सहाव्या भागात अख्खा ऑर्केस्ट्रा अंगावर येतो तिथे स्पीकर फाटायला लागला, प्लॅस्टिक घरघरलं, पण दोघांपैकी कुणीच आवाज कमी केला नाही.

आठव्या भागाच्या शेवटी सगळं विरून जातं आणि बराच वेळ काहीच नसतं. बाबांना वाटलं संपलं. ते गुडघ्यावर हात टेकून उठले, फ्रीजपाशी गेले, बंद करायला बोट पुढे केलं.

"थांबा," मी म्हटलं, "अजून एक आहे."

ते तसेच उभे राहिले, बोट बटणाच्या वर, स्पीकरकडे बघत.