भाच्याला गेमिंगचा चॅनेल काढायचाय

रविवार, रात्री साडेअकरा

दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो तेवढ्यात ताईच्या नंबरवरून फोन, उचलला तर भाचा. दहावीची परीक्षा संपलीये, सुट्टीत यूट्यूबवर गेमिंगचा चॅनेल काढायचाय, कॉमेंट्री मराठीतच करणार, "मामा तू करतोस ना, मग सांग काय काय लागतं." पहिला प्रश्न माईक कुठला घेऊ, दुसरा थंबनेल, म्हणजे व्हिडिओवर दिसणारं चित्र, कशात बनवू आणि तिसरा पैसे किती दिवसांनी यायला लागतात. मी सुरू केलं तेव्हा माझ्या डोक्यात पण हेच तीन प्रश्न होते, ह्याच क्रमाने. त्याला म्हटलं फोनवर घाईत नको, रात्री नीट बसून लिहून काढतो. म्हणून आज रोजनिशीत हेच.

लिहायला बसायच्या आधी माझा स्वतःचा पहिला व्हिडिओ उघडून बघितला. राजी. २०२० मध्ये आलेला गेम, पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला, आणि मी पण पुण्यात राहतो म्हणून मला तेव्हा वाटलेलं की आपली सुरुवात ह्याच गेमने व्हायला पाहिजे. धाकट्या भावाला, गोलूला, राक्षस पळवून नेतात आणि राजी त्रिशूळ घेऊन त्याला शोधत निघते, राजस्थानी महालांसारखी बांधकामं, भिंतींवर चित्रं, आणि मध्ये मध्ये दुर्गा आणि विष्णू आपसात बोलत गोष्ट पुढे नेतात. इतका देखणा गेम, आणि त्यावर माझा आवाज काय म्हणतोय तर "आता मी इथून उडी मारतोय, आता वर चढतोय, आता हे दोघं आले, ह्याला मारतो, हा मेला, चला आता पुढे जाऊया." वीस मिनिटं हेच. बघणाऱ्याला हे सगळं दिसतंय की समोर. आणि जिथे दुर्गा बोलायला लागते तिथे मी पण बोलतोय, त्यामुळे तिचंही ऐकू येत नाही आणि माझंही. त्या वेळी हे मला कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं, म्हणून भाच्याला माईकच्या आधी हे सांगणार.

मला ही गोष्ट उमगली ती सांगलीकडच्या कुंडलच्या कुस्ती मैदानामुळे. लहानपणी आजोबा न्यायचे. आम्ही मागे बसायचो, तिथून आखाड्यातलं धड काही दिसायचं नाही, नुसते फेटे आणि टोप्या, हलगीचा आवाज आणि त्याच्यावर लाऊडस्पीकरवरून निवेदक. दोन तगडे पैलवान एकमेकांच्या मानेत हात घालून पाच-पाच मिनिटं नुसते रेटत उभे असायचे, पण तो माणूस लोकांना जागचं हलू द्यायचा नाही, हा कुठल्या गावचा, कुठल्या तालमीत तयार झाला, वस्ताद कोण, मागच्या साली ह्याच मैदानात कुणाबरोबर बरोबरीत सुटली, सगळं सांगायचा आणि तेवढ्यात एकाने ताबा घेतला की त्याचा आवाजच बदलायचा, "घिस्सा मारायला बघतोय, पण खालच्यानं कोपर आत घेतलंय, देत नाय, देत नाय." आम्हाला कुणाला कोपर दिसत नव्हतं. तरी सगळं मैदान त्या कोपरासाठी श्वास धरून बसायचं. आणि प्रत्यक्ष डाव लागला की तो गप्प, चार-पाच सेकंद फक्त लोकांची आरोळी, मग पैलवानाचं नाव.

गेमच्या कॉमेंट्रीत मला हेच पाहिजे असतं. भाचा बीजीएमआय, म्हणजे पब्जीसारखा शेवटपर्यंत जिवंत राहायचा मोबाईलवरचा गेम, खेळतो म्हणून त्याला त्यातलंच उदाहरण देणार. समजा झोन, म्हणजे सुरक्षित जागेची हद्द, आत येतोय आणि तू एका दुमजली घरात खाली बसलायस. "आता मी घरात बसलोय" हे सगळ्यांना दिसतंय. पण तू म्हणालास की "वर पावलं वाजली, दोघं तरी असतील, माझ्याकडे एकच स्मोक बॉम्ब उरलाय, आत्ता बाहेर पडलो तर मोकळ्या शेतात सापडतो, त्यापेक्षा झोन दारापर्यंत येऊ दे, मग त्यांनाच उतरावं लागेल," तर आता बघणारा पण त्या जिन्याकडे बघत बसतो. ते खरंच उतरतात की नाही, तुझा अंदाज बरोबर की चूक, हे त्याला कळल्याशिवाय तो व्हिडिओ सोडत नाही. तू हरलास तरी चालतं, कारण काय विचार करून हरलास ते त्याला माहितीये.

ह्याची प्रॅक्टिस रेकॉर्डिंग न करता करायची. रोज दहा मिनिटं खेळायचं आणि जे मनात चाललंय ते मोठ्याने बोलायचं. मी बायकोला स्वयंपाकघरातून ऐकायला सांगायचो, स्क्रीन तिला दिसत नाही, नंतर विचारायचो की मी अडचणीत होतो ते कळलं का, कधी सुटलो ते कळलं का. तिला गेममधलं काही कळत नाही तरी हे ती बरोबर सांगायची. भाच्याने ताईला बसवावं.

रिकाम्या जागा हा दुसरा त्रास. गेममध्ये नुसतं चालणं, मासे पकडणं, लोडिंग, तिथे नव्या माणसाची जीभ अडकते आणि मग "तर मित्रांनो" आणि "अं" सुरू होतं. मी खेळायच्या आधी वहीत पाच-सहा गोष्टी लिहून ठेवतो. स्टारड्यू व्हॅली खेळताना तलावाकाठी गळ टाकून बसलो होतो तेव्हा सांगितलं की २०१६ मध्ये आलेला हा अख्खा गेम एरिक बॅरोन नावाच्या एकाच माणसाने केलाय, चित्रं, संगीत, प्रोग्रामिंग सगळं, चार वर्षांहून जास्त एकटा बसून. मग आमच्या शेतातल्या विहिरीचं सांगितलं. तो व्हिडिओ लोकांना सगळ्यात आवडला आणि त्यात मी गेममध्ये जवळजवळ काहीच केलेलं नाही. वही ठेवावी माणसाने, खरंच. पण कटसीन, म्हणजे मध्येच सिनेमासारखा गोष्टीचा तुकडा, लागला की तोंड बंद, तिथे गेमवाल्यांना बोलू द्यायचं.

भाषेचं पण सांगायचंय. भाच्याने फोनवर मला नमुना म्हणून दोन वाक्यं बोलून दाखवली आणि ती ऐकून मला वाईट वाटलं, कारण तो त्याचा आवाजच नव्हता, हिंदी स्ट्रीमर जसे घसा ताणून ओरडतात तसं मराठीत ओरडत होता. एरवी हाच पोरगा इतकं झकास बोलतो, "लई वंगाळ खेळलो आज" म्हणतो, आजीशी बोलतो तेव्हा ऐकत बसावं. मी पण उलट्या बाजूने तीच चूक केली होती, बातम्या सांगितल्यासारखं छापील मराठी, "आपण आता या कक्षात प्रवेश करूया." कक्षात! खोलीत जा की. लूट, चेकपॉइंट, हेडशॉट, रिस्पॉन हे शब्द आहेत तसेच राहू दे, त्यांना मराठी प्रतिशब्द शोधत बसू नको, पण बाकीचं बोलणं तुझ्या गल्लीतलं असू दे, सांगलीकडचा हेल असला तर असू दे. शिव्या मात्र नको, तुझ्यापेक्षा लहान पोरं बघणार आहेत.

आता माईक. ह्यावर मी सगळ्यात जास्त पैसे आणि रात्री घालवल्यात. चित्र थोडं खराब असलं तरी लोक बघतात, आवाज घुमत असला तर अर्ध्या मिनिटात जातात, मी स्वतः जातो. पण घुमणं माईकमुळे कमी आणि खोलीमुळे जास्त असतं. माझी खोली दहा बाय दहा, फरशी, उघड्या भिंती, एक लोखंडी कपाट. दोरीवर दोन गोधड्या मागे आणि एक कपाटावर टाकली आणि त्याच स्वस्तातल्या माईकवर आवाज असा बदलला की मी परत परत ऐकत बसलो. पंखा बंद, मे महिना असला तरी बंद, कारण त्याची घरघर नंतर सॉफ्टवेअरने काढायला गेलं की आपला आवाज पण पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. माईक तोंडापासून एक वीत लांब आणि थोडा बाजूला, अगदी नाकासमोर नाही. मराठीत हे जास्त महत्त्वाचं आहे असं मला वाटतं, आपल्याकडे भ, फ, ख, थ सारखे येतात आणि प्रत्येकाबरोबर तोंडातून हवा सुटते, "भयंकर भारी फाईट" एवढं समोरून बोलून बघ, तीनदा धप्प वाजतं. तळहात तोंडासमोर धरला तरी कळतं.

कॉम्प्युटरवर करशील तेव्हा ओबीएस वापर, स्क्रीन रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे. त्यात गेमचा आवाज एका ट्रॅकवर आणि माईक दुसऱ्या ट्रॅकवर घ्यायचा, म्हणजे बंदुकांच्या आवाजात तुझं बोलणं बुडालं तर नंतर एडिटिंगला गेम खाली आणता येतो, एकाच ट्रॅकवर असेल तर काहीही करता येत नाही. बोलताना आवाजाचा मीटर पिवळ्या पट्ट्यात राहिला पाहिजे, ओरडलास तरी लाल पट्ट्याच्या टोकाला धडकता कामा नये. कानात हेडफोन हवाच, नाहीतर स्पीकरमधला गेम माईकमध्ये परत घुसतो. आणि फाईल एमकेव्ही फॉरमॅटमध्ये सेव्ह कर. हे मी जीव तोडून सांगतो. पावसाळ्यात एकदा दोन तासांचं रेकॉर्डिंग चालू असताना लाईट गेली, एमपी४ होती, आणि साध्या एमपी४ ची फाईल नीट बंद झाली तरच उघडते, मध्येच तुटली तर सगळं जातं. गेममधल्या एका बॉसला, म्हणजे मोठ्या शत्रूला, अकराव्या प्रयत्नात हरवलं होतं त्यात. एमकेव्ही असती तर लाईट जाईपर्यंतचं सगळं मिळालं असतं, आणि एमकेव्हीची एमपी४ ओबीएसमध्येच मिनिटभरात करता येते. दर वेळी सुरुवातीला वीस सेकंद रेकॉर्ड करून ऐकायचं, मगच खेळायला बसायचं, कारण ओबीएसमध्ये चुकून लॅपटॉपचा आतला माईक निवडलेला राहिला की अख्खी संध्याकाळ वाया जाते.

मोबाईलवर असशील तर अँड्रॉइड १० किंवा पुढचं असलं की फोनमधला गेमचा आवाज थेट रेकॉर्ड होतो, वर कॉलर माईक पुरतो. डू नॉट डिस्टर्ब चालू ठेव, ताईचे मेसेज आणि बँकेचे ओटीपी व्हिडिओत दिसतात. आणि व्हॉइस चॅटवर दुसरी पोरं असली तर त्यांना आधी विचार.

चॅनेलच्या नावात गेमचं नाव घालू नको. पब्जी मोबाईलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, त्या जागी बीजीएमआय जुलै २०२१ मध्ये आला, तो पण २८ जुलै २०२२ ला स्टोअरमधून गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. त्या दहा महिन्यांत ज्यांचं सगळं एकाच गेमवर होतं त्यांचे हाल झाले. लोक तुझ्यासाठी यायला हवेत.

गेममधल्या गाडीच्या रेडिओवरची गाणी सेटिंगमधून बंद कर. ती खरी गाणी असतात, कॉपीराइट क्लेम येतो. क्लेम म्हणजे स्ट्राइक, यूट्यूबची ताकीद, नाही, घाबरायचं नाही, पण त्या व्हिडिओची कमाई गाण्याच्या मालकाकडे जाऊ शकते. स्ट्राइक मात्र ९० दिवसांत तीन झाले तर चॅनेल जाऊ शकतो. पैशाचं विचारलंस म्हणून, जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास बघितलेलं लागतं, शॉर्ट्सच्या, म्हणजे छोट्या उभ्या व्हिडिओंच्या, फीडमधले तास त्यात धरत नाहीत. प्रत्येकाने दहा मिनिटं बघितलं तरी २४,००० वेळा बघावं लागेल. आणि १८ पूर्ण होईपर्यंत खातं आई-बाबांच्या नावाने जोडावं लागतं, तर ताईला आधीच सांगून ठेव.

थंबनेलचं राहिलं. ते नंतर बघू.

मंगळवार, रात्री

भाच्याने चार मिनिटांचा नमुना पाठवलाय. ओरडणं निम्मं कमी झालंय. सुरुवात अजून "नमस्कार मित्रांनो, स्वागत आहे, लाईक करा, शेअर करा" मध्ये पाऊण मिनिट खाते, ते कापायला सांगितलं, तू जिन्याखाली अडकलायस तिथूनच उघड म्हटलं, नाव नंतर सांग. मागे घुमतंय, गोधड्या लावल्या नाहीत, आजी देत नाही म्हणाला. पण दोन मिनिटं चाळीस सेकंदांवर एक जागा आहे. तो गवतात झोपलाय, समोरून एक गाडी येते, आणि तो हळू आवाजात म्हणतो, "थांब थांब, उतरू दे त्यास्नी, दोघंबी उतरू देत." आणि मग गप्प. गाडीचं दार वाजतं, पावलं येतात, तो अजून गप्प. मी फोन कानाला लावून बसलो होतो, श्वास धरून. ती जागा मी तीनदा ऐकली, आणि त्याला फोन करून ते मिनिट आणि सेकंद सांगितले, म्हटलं हे असंच ठेव, ह्यात काही बदलू नको.

माझा जुना यूएसबी माईक कपाटात पडून आहे, स्टँडचा एक स्क्रू सैल आहे तेवढा आवळायचा. उद्या ऑफिसला जाताना ट्रॅव्हल्सवाल्याकडे पार्सल टाकतो, परवा सकाळी सांगलीला पोचेल. सोबत एक जुनी गोधडी पण घालतो.