लालबाग सोडायचं का?

टोरंटोच्या नोकरीचं पत्र आज आलं. संध्याकाळी मसाला गल्लीतून येताना तेच डोक्यात. डंकावर मिरची कुटली जातेय, नाक झोंबतंय आणि वर काचेचे टॉवर. आजोबा साचाखात्यात, म्हणजे कापड विणायच्या विभागात होते, त्या गिरणीच्या जागी आता मॉल आहे. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश वाटा घरांसाठी म्हाडाला मिळायचा होता. २००१ मध्ये ती वाटणी फक्त गिरणीतल्या बांधकाम नसलेल्या मोकळ्या जागेपुरती उरली. राग येतो तो याचा. आमच्याच वस्तीत आम्हाला भाड्याचं घर परवडत नाही. टोरंटोतही भाडी जबरच आहेत म्हणा. पण इथे आईला दम लागला की शेजारच्या काकू हाक मारायच्या आत दारात असतात. मन नाही म्हणतंय. तिकडे गेलेल्यांनो, आईवडिलांना नेता आलं का?